गिटारच्या अँप्लिफायरमधील पहिला व्हॉल्व्ह

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं दोन तऱ्हेच्या तक्रारी आमच्या कानांवर येऊं लागतात. गिटार वाजविणारे विद्यार्थी म्हणतात कीं, घरच्या अँप्लिफायरचा आवाज एक तर फार लवकर फाटतो, नाहीं तर मुळींच फाटत नाहीं. सबब नवा घेतला पाहिजे. त्यांचे पालक विचारतात कीं, गेल्या वर्षीं एवढे पैसे मोजून घेतलेलें यंत्र इतक्यांत निरुपयोगी कसें झालें? दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें रास्त असतें. पुष्कळदां यंत्रांत कांहींच बिघाड नसतो. त्यांतील करंगळीएवढा एक व्हॉल्व्ह काढून त्या जागीं दुसऱ्या क्रमांकाचा बसविला म्हणजे काम भागतें. तें कां भागतें, कोठें भागत नाहीं, आणि तें करतांना जिवास धोका कोठें आहे, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आज बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त अँप्लिफायरांपैकीं बहुतेकांत व्हॉल्व्ह नसतातच. त्यांचें काम ट्रान्झिस्टरवर अथवा संगणकाच्या चकत्यांवर चालतें. त्यांना हा लेख लागू नाहीं. यंत्राच्या पाठीमागील जाळींतून पाहिलें असतां आंत कांचेच्या नळ्या नारिंगी प्रकाशानें मंद तेवतांना दिसल्या, तरच पुढील मजकूर आपल्यासाठीं आहे असें समजावें.

व्हॉल्व्ह हा शब्द आपल्याकडे नवा नाहीं. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीं घरोघर जे मोठे लांकडी रेडिओ असत, ते लावल्याबरोबर बोलूं लागत नसत. आंतील व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. घरांतील वडील मंडळींस विचारा, त्यांस ती घरघर आठवत असेल. बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यांत एके काळीं रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत असत. अमेरिकन लोक त्यासच ट्यूब म्हणतात, व आपल्याकडील तरुण वादकांच्या तोंडींहि आतां तोच शब्द आहे. आम्ही मात्र जुनाच शब्द वापरूं.

व्हॉल्व्हची रचना समजण्यास कठीण नाहीं. कांचेच्या नळींतून हवा काढून टाकलेली असते. मध्यभागीं कॅथोड नांवाची बारीक नळी असून तिच्या पोटांत तापणारी तार असते. कॅथोड तापला कीं त्याच्या पृष्ठभागांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडूं लागतात. सभोंवार धातूचा पत्रा असतो, त्यास प्लेट म्हणतात. प्लेटवर शेंदोनशें व्होल्टचा धन दाब असल्यामुळें इलेक्ट्रॉन तिच्याकडे धांव घेतात. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं एवढ्या दोन भागांचाच व्हॉल्व्ह केला. प्रवाह एकाच दिशेनें जाऊं द्यावयाचा, उलट येऊं द्यावयाचा नाहीं, एवढेंच त्याचें काम; म्हणून त्यास झडप या अर्थाचें हें नांव मिळालें. पुढें १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं या दोहोंच्या मध्यें तारेची एक जाळी घातली. तिला ग्रिड म्हणतात. या जाळीनें काय साधलें, तें पाटाच्या उदाहरणावरून चांगलें समजेल.

धरण भरलेलें आहे, पाट वाहत आहे, आणि पाटाच्या दारावर पाटकरी उभा आहे. पाण्याच्या जोरापुढें त्याच्या हातांतील बळ तें किती? परंतु त्यानें दार बोटभर वर किंवा खालीं केलें कीं, शिवारांत जाणाऱ्या पाण्यांत मोठा फरक पडतो. ग्रिडवरील लहानसा दाब म्हणजे पाटकऱ्याचा हात, आणि प्लेटकडे जाणारा प्रवाह म्हणजे पाटाचें पाणी. पाटकरी पाणी उत्पन्न करीत नाहीं. तें धरणांत अगोदरच असतें. त्याचप्रमाणें व्हॉल्व्ह शक्ति उत्पन्न करीत नाहीं. भिंतींतील विजेपासून मिळालेल्या शक्तीला तो गिटारच्या तारेच्या हुकमाप्रमाणें वळण देतो, इतकेंच. हा मुद्दा पुढें एका गैरसमजाच्या वेळीं आपल्या उपयोगीं पडेल.

आतां गिटारकडे वळूं. विजेच्या गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्याखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. तार कांपली कीं या वेढ्यांत अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न होतो. हलक्या हातानें वाजविल्यास तो एक दशांश व्होल्टच्या आसपास भरतो. जोरानें आघात केल्यास त्याच्या कित्येक पट होतो. एवढ्याशा दाबानें लाउडस्पीकरचा कागदी शंकु हालणें शक्य नाहीं. म्हणून आरंभीं लहान व्हॉल्व्ह हा दाब पायरीपायरीनें वाढवितात, व शेवटीं मोठे व्हॉल्व्ह त्या वाढलेल्या दाबाच्या आज्ञेनें लाउडस्पीकरला शक्ति पुरवितात. लहान व्हॉल्व्हांपैकीं जो गिटारच्या दोरीचें टोंक बसविण्याच्या भोंकाजवळ असतो, तो पहिला. गिटारचा क्षीण आवाज सर्वांआधीं त्याच्याच हातीं पडतो. म्हणून त्याच्या गुणदोषांचा परिणाम पुढील सर्व पायऱ्यांवर होतो. आलेला दाब तो जितक्या पट करतो, त्या पटीस गेन म्हणतात.

आवाज फाटतो म्हणजे काय होतें? धान्य मापतांना पायलीवर शीग चढते, आणि मापारी तीवरून हात फिरवून ती सपाट करतो, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. व्हॉल्व्हचेंहि एक माप ठरलेलें असतें. त्या मापांत मावेल इतकी लाट आली तर ती जशीच्या तशी मोठी होऊन बाहेर पडते. मापापेक्षां उंच लाट आली कीं तिची शीग लोटली जाते. शेंडा सपाट झालेल्या अशा लाटेंत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वर मिसळतात. कान त्यालाच फाटलेला आवाज म्हणतो.

रेडिओवर बातम्या ऐकणाऱ्याला हा दोष वाटेल, व तो दोषच आहे. गिटारवादकाला मात्र त्यांतील कांहीं भाग हवा असतो. आमच्या मतें यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जी जवारी काढतात, तिच्यायोगें तारेंत सूक्ष्म स्वरांची एक झिळमिळ उत्पन्न होते. ती नसेल तर तंबोरा मुका वाटतो, व प्रमाणाबाहेर गेली तर कर्कश होतो. दोहोंचें कारण अगदीं भिन्न आहे, पण प्रमाणाचा प्रश्न एकच आहे. आणखी असें कीं, व्हॉल्व्ह शीग एकदम कापीत नाहीं. आधीं ती थोडी वांकवितो, मग कापतो. त्यामुळें वादकानें हलकें वाजविलें तर आवाज स्वच्छ, जोरानें वाजविलें तर किंचित् फाटलेला, असें हाताच्या वजनावर काम करतां येतें. रेडिओंतून हद्दपार झालेला व्हॉल्व्ह गिटारच्या अँप्लिफायरांत टिकून राहिला, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

आतां थोडा हिशेब करूं. गिटारकडून दशांश व्होल्ट आला आणि पहिल्या व्हॉल्व्हनें तो ६० पट केला, तर ६ व्होल्ट झाले. दुसऱ्या व्हॉल्व्हचें माप साधारणतः दीड व्होल्टचें असतें. म्हणजे आवाजाचें बटण पुरतें उघडलें तर मापाच्या चौपट माल येऊन पडतो, आणि शीग लोटली जाते. पहिल्या व्हॉल्व्हचा गेन ३६ असेल तर ३.६ व्होल्ट येतील. १६ असेल तर जेमतेम १.६ व्होल्ट येतील, आणि तोच स्वर जवळजवळ स्वच्छ निघेल. दोहोंमधील जोडणींत कांहीं भाग खर्ची पडतो, तो येथें सोडून दिला आहे. यावरून दिसेल कीं फाटण्याचें काम पुष्कळदां दुसऱ्या व्हॉल्व्हमध्यें होतें, पण तें व्हावें कीं न व्हावें हें पहिला व्हॉल्व्ह ठरवितो.

हे ६०, ३६, १६ आंकडे आम्हीं उगाच घेतलेले नाहींत. लहान व्हॉल्व्हांचें एक कुटुंबच आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध १२एएक्स७ हा होय. तो १९४७ सालीं अमेरिकेंतील आरसीए कंपनीनें बाजारांत आणला. युरोपांत त्याचें नांव ईसीसी८३. नांवें दोन असलीं तरी वस्तु एकच. दुकानांत गोंधळून जाऊं नये. या नांवांची फोडहि मौजेची आहे. अमेरिकन नांवांतील १२ म्हणजे तार तापविण्यास लागणारे सुमारें १२ व्होल्ट. शेवटचे ७ म्हणजे आंतील उपयुक्त भागांची संख्या. एकाच कांचेंत दोन व्हॉल्व्ह असल्यामुळें दोन कॅथोड, दोन ग्रिड, दोन प्लेट व एक तापणारी तार मिळून सात होतात. युरोपीय नांवांतील ई हें अक्षर ६.३ व्होल्टची तार दाखवितें. मग एकाच व्हॉल्व्हला १२ आणि ६.३ असे दोन आंकडे कसे? तारेचे दोन भाग आहेत. एकामागून एक जोडले तर १२.६ व्होल्ट लागतात, शेजारीं शेजारीं जोडले तर ६.३. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेल्या जोडण्या येथें कामास येतात!

प्रत्येक व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकांत त्याचा वर्धनांक दिलेला असतो. १२एएक्स७ चा वर्धनांक १०० आहे. ५७५१ हा त्याचाच दणकट भाऊ, लष्करी व औद्योगिक कामासाठीं केलेला, त्याचा ७०. १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा सुमारें ४५, आणि १२एयू७ चा १७ ते २०. या पांचांचें बूड सारखें, नऊ पिनांचें, आणि कोणती पिन कशाला जोडावयाची तेंहि सारखें. म्हणूनच एक काढून दुसरा बसवितां येतो. नऊ पिनांचा प्रत्येक व्हॉल्व्ह मात्र या कुटुंबांतला नव्हे. ईसीसी८८ दिसण्यांत अगदीं तसाच आहे, परंतु त्याच्या पिनांची जोडणी निराळी आहे. तो येथें चालत नाहीं. बूड बसलें म्हणजे व्हॉल्व्ह जुळला, असें समजूं नये.

वर्धनांक १०० असून आपण हिशेबांत ६० कां धरले? कारण व्हॉल्व्हला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. यंत्रांत प्लेटच्या मार्गांत बहुधा १,००,००० ओहमचा रोध घातलेला असतो, आणि वाढलेल्या दाबाची वांटणी या दोन रोधांमध्यें होते. १२एएक्स७ चा अंतर्गत रोध सुमारें ६२,५०० ओहम. म्हणून १०० ला १,००,००० नें गुणून १,६२,५०० नें भागावें. उत्तर साडेएकसष्टाच्या आसपास येतें. १२एवाय७ चा अंतर्गत रोध सुमारें २५,००० ओहम, म्हणून ४५ चे ३६ होतात. ५७५१ चे ७० असतां हातीं ४४ पडतात. १२एयू७ चे १६. म्हणजे कागदावर १०० आणि ४५ यांत दुपटीहून अधिक अंतर दिसलें, तरी प्रत्यक्ष यंत्रांत तें ६० आणि ३६ एवढेंच उरतें. १२एटी७ ची गोष्ट आणखी निराळी. तो मुळांत उच्च कंपनांच्या कामासाठीं, म्हणजे एफ्एम् रेडिओ व दूरचित्रवाणी यांसाठीं केलेला. त्याचे छापील आंकडे सुमारें १० मिलिअँपिअर प्रवाहाचे आहेत, आणि गिटारच्या अँप्लिफायरांत त्याला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच प्रवाह मिळतो. म्हणून त्याचे ६० येथें पुरे लागू पडत नाहींत. जाहिरातींत केवळ वर्धनांकांचें कोष्टक छापून ‘इतके टक्के गेन कमी’ असें सांगतात, तें या कारणानें अर्धसत्य असतें.

कानाचा हिशेब आणखी वेगळा. कान वजाबाकी करीत नाहीं, तो प्रमाण पाहतो. ६० चे ४४ झाले तर फरक सुमारें ३ डेसिबलचा. लक्ष देऊन ऐकणाऱ्यास तो कळेल. ६० चे ३६ झाले तर सुमारें साडेचार डेसिबल. हा कोणासहि कळेल. ६० चे १६ झाले म्हणजे साडेअकरा डेसिबल, आणि १० डेसिबल उतरले कीं आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. यामुळें १२एयू७ ही उडी आमच्या मतें बहुतेकांस फार मोठी आहे. वादक दोन दिवसांत कंटाळून जुना व्हॉल्व्ह परत बसवितो. ५७५१ किंवा १२एवाय७ पासून आरंभ करणें शहाणपणाचें.

पहिल्या व्हॉल्व्हच्या या लहानशा फरकाचें एक मोठें उदाहरण संगीताच्या इतिहासांत आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर हे रेडिओदुरुस्तीचें दुकान चालवीत असत. पुढें त्यांनीं गिटारी व अँप्लिफायर यांचा कारखाना काढला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कारखान्यांतून ‘बासमन’ नांवाचा अँप्लिफायर निघत असे. तो खर्जाच्या गिटारसाठीं म्हणून केलेला; त्यांत पहिल्या जागीं १२एवाय७ बसविलेला असे, आणि दहा इंची चार लाउडस्पीकर असत. इकडे लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल यांचें वाद्यांचें दुकान होतें. अमेरिकन अँप्लिफायर तेथें फार महाग पडत. म्हणून १९६२ सालीं त्यांनीं केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्यानें बासमनची आंतील जोडणी समोर ठेवून आपला अँप्लिफायर तयार केला. त्यास जेटीएम४५ म्हणतात. जोडणी जवळजवळ तीच. पण पहिल्या जागीं त्यांनीं १२एवाय७ न घालतां इंग्लंडांत सहज मिळणारा ईसीसी८३ बसविला. म्हणजे ३६ च्या जागीं ६०. हा अँप्लिफायर लवकर फाटूं लागला, आणि त्या काळच्या तरुण वादकांस नेमकें तेंच हवें होतें. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यांनीं जॉन मेयॉल यांच्या संचांत मार्शलच्या अँप्लिफायरवर जी गिटार वाजविली, तिचा आवाज पुढील पिढीस कित्त्यासारखा झाला.

या गोष्टीचें सारें श्रेय एका व्हॉल्व्हला देणें मात्र न्याय्य होणार नाहीं. मार्शलचे लाउडस्पीकर बारा इंची व निराळ्या बनावटीचे होते, त्यांची मोठी पेटी पाठीमागून बंद होती, आणि शेवटच्या टप्प्यांतील ट्रान्स्फॉर्मरहि वेगळा होता. एका कारणावर सर्व भार टाकण्याची संवय शास्त्राच्या विद्यार्थ्यानें लावून घेऊं नये. तरीहि पहिल्या जागेचा फरक त्यांतील एक निश्चित कारण होता, आणि आज कोणी बासमनच्या धर्तीच्या यंत्रांत १२एवाय७ काढून १२एएक्स७ बसविला, तर त्यास तो स्वतःच्या कानांनीं ऐकतां येईल.

आमच्या विद्यार्थ्यांची अडचण बहुधा याच्या उलट असते. त्यांच्या घरीं ४० वॅटचें यंत्र, खोली दहा फुटांची, आणि पहिल्या जागीं १२एएक्स७. आवाजाचें बटण एकावरून दोनावर नेलें कीं शेजारी दार वाजवितात; तीनाच्या पुढें तें बटण कधीं गेलेलेंच नसतें. अशा ठिकाणीं १२एवाय७ बसविला म्हणजे बटणाचा उपयोगी पल्ला वाढतो. केसाएवढ्या फरकावर जें काम चाले, तें आतां बोटानें नीट करतां येतें.

पण येथें तो गैरसमज आड येतो. कित्येकांस वाटतें कीं लहान गेनचा व्हॉल्व्ह बसविला म्हणजे ४० वॅटचा अँप्लिफायर १५ वॅटचा झाला. तसें होत नाहीं. पाटकरी बदलला म्हणून धरणांतील पाणी कमी होत नाहीं. शक्ति शेवटचे मोठे व्हॉल्व्ह देतात व तीं बटणें पुढें फिरविलीं कीं पूर्वींइतकीच मिळते. तेथवर पोंचण्यास बटण अधिक फिरवावें लागतें, एवढेंच. आणि ज्याचें काम बटण थोडें मागें घेऊन भागतें, त्यानें व्हॉल्व्हच्या भानगडींत पडूंच नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों. पालकांनींहि पैसे देण्यापूर्वीं हा एक प्रश्न मुलास अवश्य विचारावा.

आतां धोक्याविषयीं. हा भाग विद्यार्थ्यांनीं दोनदां वाचावा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरांत ३०० ते ४५० व्होल्टपर्यंत दाब असतो. आंतील कंडेन्सर हा दाब सांठवून ठेवतात, आणि यंत्र बंद करून दोरी भिंतींतून काढल्यावरहि तो कांहीं काळ तसाच राहूं शकतो. अशा कंडेन्सरला हात लागून माणूस दगावूं शकतो. म्हणून लोखंडी सांगाडा पेटींतून बाहेर काढणें, तळाकडील तारांना हात लावणें, डाग देणें, हीं कामें विद्यार्थ्यांचीं नव्हेत; तीं जाणत्या कारागिराचीं. सुदैवानें लहान व्हॉल्व्ह बदलण्यास यांपैकीं कांहींच करावें लागत नाहीं. व्हॉल्व्ह सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूस असतात व पेटीच्या मागून हातास येतात. कांहीं यंत्रांत मात्र व्हॉल्व्हपर्यंत पोंचण्यासाठीं सांगाडाच काढावा लागतो, तेथें थांबावें.

काम करतांना घरांतील मोठें माणूस जवळ असावें. यंत्र बंद करून दोरी भिंतींतून काढावी, नुसती कळ दाबून भागत नाहीं. व्हॉल्व्ह पुरता निवेपर्यंत थांबावें. मोठे व्हॉल्व्ह हात भाजण्याइतके तापलेले असतात. पेटीच्या आंत बहुधा एक कागद चिकटविलेला असतो. त्यावर कोणत्या सॉकेटांत कोणता व्हॉल्व्ह आहे तें लिहिलेलें असतें, तें उतरून घ्यावें. पहिल्या व्हॉल्व्हवर धातूची टोपी असल्यास ती किंचित् दाबून फिरविली म्हणजे निघते. मग कांच बोटांनीं धरून, अगदीं थोडें इकडेतिकडे हालवीत, व्हॉल्व्ह सरळ ओढावा. नऊ पिना वर्तुळांत असून एका ठिकाणीं मोकळी जागा असते; सॉकेटांतील मोकळ्या जागेशीं ती जुळवून नवा व्हॉल्व्ह सरळ दाबावा. जोर करूं नये. पिन वांकली तर कांच तडकते व आंत हवा शिरून व्हॉल्व्ह कायमचा जातो. पुन्हां विजेची दोरी लावण्यापूर्वीं लाउडस्पीकरची दोरी जोडलेली आहे ना, तें पाहावें. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर लाउडस्पीकरवांचून चालविला तर शेवटचा ट्रान्स्फॉर्मर जळण्याचा संभव असतो, व तो फार महाग पडतो. आणखी एक: अमेरिकेंतील नातलगांनीं तिकडून आणलेलें यंत्र १२० व्होल्टचें असूं शकतें. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तें सरळ लावलें तर व्हॉल्व्हचा विचार करण्याची वेळच येणार नाहीं.

शेवटचे मोठे व्हॉल्व्ह बदलले म्हणजे पुष्कळ यंत्रांत कारागिराकडून त्यांचा प्रवाह नव्यानें बसवून घ्यावा लागतो. लहान व्हॉल्व्हांस तें लागत नाहीं, आणि याचें कारण सुंदर आहे. त्यांच्या कॅथोडच्या मार्गांत एक लहान रोध असतो, बहुधा १,५०० ओहमचा. प्रवाह वाढूं लागला कीं या रोधावरील दाब वाढतो, त्यामुळें कॅथोडच्या मानानें ग्रिड अधिक ऋण होते, आणि दार आपोआप थोडें मिटतें. प्रवाह घटला तर याच्या उलट. व्हॉल्व्ह आपला तोल आपणच सांभाळतो.

कोणत्या सॉकेटांत बदल करावा? केवळ पहिल्या. मोठ्या व्हॉल्व्हांच्या अगदीं जवळचा लहान व्हॉल्व्ह बहुधा लाटेचे दोन उलट भाग करून त्यांस पुरविण्याचें काम करतो. तेथें केलेल्या बदलाचा परिणाम निराळ्या जातीचा असतो.

किंमतीविषयीं चार शब्द पालकांकरितां. आज असे व्हॉल्व्ह करणारे कारखाने जगांत मोजकेच उरले आहेत. स्लोव्हाकियांतील चाड्झा, रशियांतील सारातोव्ह, व चीन हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें. २०२२ सालीं रशियाच्या निर्यातबंदीमुळें कांहीं काळ टंचाई होऊन भाव चढले होते. नव्या व्हॉल्व्हखेरीज जुन्या सांठ्यांतील, म्हणजे ब्लॅकबर्न येथील मलार्ड किंवा जर्मनींतील टेलिफुंकन अशा नामांकित कारखान्यांच्या व्हॉल्व्हांचाहि बाजार आहे, आणि तेथें कित्येक पट दाम मागतात. ते व्हॉल्व्ह चांगले होते यांत शंका नाहीं. परंतु नांव पुसून दुसरें छापण्यास फारशी कला लागत नाहीं, आणि तशी फसवणूक होते. गेन बदलणें एवढाच हेतु असेल तर व्हॉल्व्हचा क्रमांक महत्त्वाचा, कारखान्याचें नांव दुय्यम. पहिल्या जागेसाठीं मात्र खरखर न करणारा व्हॉल्व्ह निवडून घ्यावा, कारण तेथील बारीक खरखर पुढें शेंकडों पट होते. बसविलेल्या व्हॉल्व्हवर शिसपेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारावी. लाउडस्पीकरमधून घंटेसारखा नाद उमटला तर तो व्हॉल्व्ह त्या जागेस योग्य नाहीं.

बदल झाल्यावर परीक्षा कशी करावी? येथें कान फार फसवितो. दोन आवाजांपैकीं जो किंचित् मोठा, तोच अधिक चांगला वाटतो, आणि म्हणून १२एएक्स७ प्रत्येक वेळीं जिंकतो! खरी तुलना करावयाची तर बटण फिरवून दोन्ही वेळां आवाज सारखा करून घ्यावा, तेच चार स्वर त्याच जोरानें वाजवावे, आणि ऐकणाऱ्यानें यंत्राकडे पाठ करून बसावें. कोणता व्हॉल्व्ह बसविला आहे तें त्यास सांगूं नये. आधीं हलक्या हातानें, मग जोरानें वाजवून, आवाज कोणत्या ठिकाणीं फाटूं लागतो तें त्याला सांगूं द्यावें, व त्या वेळचे बटणाचे आंकडे वहींत लिहावे. तीन व्हॉल्व्हांचे असे आंकडे जमले म्हणजे आपल्या घरास व आपल्या हातास कोणता मानवतो, हें वहीच दाखवील.

काढलेला जुना व्हॉल्व्ह टाकूं नये. नव्याच्या खोक्यांत तो कापसांत गुंडाळून ठेवावा, व वर क्रमांक, सॉकेट आणि काढल्याची तारीख लिहावी. पुढें केव्हां तरी यंत्र मध्येंच खरखरूं लागलें किंवा मुकें झालें, तर दुरुस्तीस नेण्यापूर्वीं वरील सर्व काळजी घेऊन तो परत बसवून पाहतां येतो. त्यानें आवाज पूर्ववत् झाला तर दोष नव्या व्हॉल्व्हचा. न झाला तर तो आंत कोठें तरी आहे, आणि तेथून पुढचें काम कारागिराचें.